टॉवर, उष्मा आणि मेंदूचं कवच

सुरतेच्या पूर्व भागातल्या पर्वत पाटियाला रंगाची ओळख करून द्यावी लागत नाही. लिंबायत, गोडादरा, डिंडोली, उधना आणि पर्वत पाटिया हा सगळा पट्टा कापडावर जगतो. धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतून सुरत-भुसावळ लोहमार्गाने आलेली हजारो कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, खात्यावर हिंदी. कुणी लूम चालवतो, कुणी एम्ब्रॉयडरीचं मशीन सांभाळतो, कुणी पांडेसरा किंवा कडोदऱ्याच्या डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये पाळी करतो. कुठल्या धाग्यावर रंग चढतो आणि कुठल्या धाग्यावरून तो धुऊन जातो, हे या वस्तीला पुस्तकाशिवाय कळतं.

मेंदूच्या कवचाचा शोधही रंगांमुळेच लागला. पॉल एर्लिख या जर्मन वैद्याने १८८५ साली कृत्रिम रंग प्राण्यांच्या रक्तात सोडले. यकृत, मूत्रपिंड, स्नायू, सगळं रंगलं. मेंदू आणि मज्जारज्जू मात्र कोरे राहिले. एर्लिखचा समज असा झाला की मेंदूची ऊती तो रंग धरतच नाही. त्याचा शिष्य एडविन गोल्डमान याने १९१३ साली उलट प्रयोग केला. त्याने ट्रिपान ब्लू हा रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तेव्हा मेंदू निळा झाला आणि बाकी शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदू रंग धरत होता. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी होतं, जे रंगाला पलीकडे जाऊ देत नव्हतं. ट्रिपान ब्लू हा मुळात सुती कापड रंगवायचा अॅझो रंग. प्रयोगशाळेत आजही कवच फुटलं का हे पाहायला वापरला जाणारा इव्हान्स ब्लू त्याच कुळातला.

ते ‘काहीतरी’ नेमकं काय, हे १९६७ साली हार्वर्डमध्ये रीझ आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या पेशींमध्ये फटी असतात. मेंदूत त्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी त्यांचे सांधे बंद केलेले असतात, बाहेरून पेरिसाइट आणि तारकापेशींचा वेढा असतो. माणसाच्या मेंदूतल्या केशवाहिन्यांची एकूण लांबी सुमारे ६०० किलोमीटर, सुरतेहून रेल्वेने भुसावळला जाऊन परत यावं एवढी, आणि जवळजवळ या सगळ्या लांबीवर हा बंदोबस्त आहे. प्राणवायू, अल्कोहोल, कॅफीन, निकोटीन आरपार जातात. ग्लुकोजसाठी वेगळी वाहक प्रथिनं आहेत. रक्तातलं अल्ब्युमिन हे मोठं प्रथिन मात्र अडतं, आणि म्हणून ते मेंदूच्या ऊतीत सापडलं तर कुठेतरी गळती झाली असं समजतात. डॉक्टर याला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. इथे त्याला मेंदूचं कवच म्हणू.

आता प्रश्न. दाट वस्तीतल्या अपार्टमेंटच्या गच्चीवर मोबाइलचे अँटेना उभे राहतात, सोसायटीला भाडं मिळतं, आणि खालच्या मजल्यावर लहान मूल घेऊन राहणाऱ्या आईच्या मनात एक भीती घर करते. टॉवरच्या आणि फोनच्या लहरींनी हे कवच सच्छिद्र होतं, विषारी द्रव्यं मेंदूत शिरतात, असं तिच्या कानावर येतं. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती काही हवेतून आलेली नाही. तिच्यामागे खरे प्रयोग आहेत, खऱ्या नियतकालिकांत छापलेले. म्हणूनच त्या प्रयोगांचं पुढे काय झालं, हेही तिला कळायला हवं. तिला बहुतेक वेळा पहिला अर्धाच भाग सांगितला जातो.

आधी पदार्थविज्ञान. सुरतेपासून जवळच काकरापारची अणुभट्टी आहे, त्यामुळे किरणोत्सर्ग या भागाला परका नाही. अणुभट्टीतल्या गॅमा किरणाच्या एका कणात लाखो इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, रेणूंचे बंध तोडायला पुरून उरेल इतकी. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरीच्या एका कणात ती एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते, जेमतेम चार भाग. शरीराच्या नेहमीच्या उष्णतेने रेणू जे सतत थरथरत असतात, ती थरथर याच्या सात हजार पट मोठी आहे. मोबाइलची लहर रेणूचा बंध तोडू शकत नाही, एवढं यावरून ठामपणे म्हणता येतं.

पण इथे थांबणं अप्रामाणिकपणाचं होईल. लहरींचं क्षेत्र पाण्याच्या रेणूंना आणि आयनांना हलवतं, ऊतीत उष्णता निर्माण करतं. मायक्रोवेव्ह भट्टी याच तत्त्वावर चालते. बंध न तोडताही एखादा परिणाम होऊ शकतो. तेव्हा शेवटी प्रयोग करूनच पाहायला हवं, आणि शास्त्रज्ञांनी तेच केलं.

अॅलन फ्रे या अमेरिकन संशोधकाने १९७५ साली उंदरांच्या रक्तात फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग सोडला, त्यांच्यावर सूक्ष्मलहरी टाकल्या आणि मेंदूत चमक दिसली असं जाहीर केलं. काळ शीतयुद्धाचा. मॉस्कोतल्या अमेरिकन दूतावासावर सोव्हिएत बाजूने वर्षानुवर्षं सूक्ष्मलहरी सोडल्या जात होत्या, आणि रडारवर काम करणारे हजारो सैनिक अमेरिकेकडेही होते. साहजिकच या निष्कर्षाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. दोन वर्षांनी ऑस्कर आणि हॉकिन्स यांनी १.३ गिगाहर्ट्झच्या लहरींनी मॅनिटॉल हे एरवी अडणारं द्रव्य मेंदूत जास्त शिरतं असं दाखवलं. मग मेरिट आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली हे प्रयोग पुन्हा करून पाहिले. त्यांना गळती सापडली नाही; मेंदू तापवला तर मात्र सापडली. पुढे १९८१ मध्ये खुद्द ऑस्करच्या गटाने लहरींमुळे मेंदूतला रक्तप्रवाह वाढतो असं मोजलं आणि आपल्या आधीच्या आकड्यांचा काही भाग या वाढलेल्या प्रवाहाचाच असावा, कवच फुटल्याचा नव्हे, अशी कबुली दिली. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला स्वतःच कात्री लावणारे असे लोक विज्ञानात असतात म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो.

या वादाचं दुसरं पर्व स्वीडनमधलं, आणि आज फिरणाऱ्या भीतीचा उगम तिथे आहे. लुंड विद्यापीठातले मेंदूशल्यविशारद लीफ सॅल्फोर्ड आणि त्यांचे सहकारी बर्टिल पर्सन यांनी १९९४ साली ९१५ मेगाहर्ट्झच्या लहरींखाली ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत अल्ब्युमिन शोधलं. लहरी न दिलेल्या ६२ उंदरांपैकी ५ जणांत ते सापडलं, लहरी दिलेल्या १८४ पैकी ५६ जणांत. फरक मोठा होता. २००३ साली त्यांचा आणखी खळबळजनक निबंध आला. ३२ उंदीर, आठ-आठचे चार गट, दोन तासांचा एकच संपर्क, आणि ५० दिवसांनी मेंदूचे काप. लहरी दिलेल्या उंदरांच्या मेंदूत अल्ब्युमिनबरोबर काळवंडलेल्या, आकसलेल्या चेतापेशी दिसल्या. वापरलेली मात्रा फोनच्या कायदेशीर मर्यादेच्या पुष्कळ खाली होती. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलली, आणि ‘दोन तास फोनवर बोललं की मेंदूच्या पेशी मरतात’ हे वाक्य तेव्हापासून भाषांतरित होत होत गावोगाव पोचलं.

सॅल्फोर्ड हे कुणी भोंदू नव्हते. मेंदूतल्या गाठींवर शस्त्रक्रिया करणारा माणूस. औषध गाठीपर्यंत पोचवण्यासाठी कवच उघडता येईल का, या विचारातून ते या प्रश्नाकडे वळले. त्यांच्या निष्कर्षाचा मान राखायचा एकच प्रामाणिक मार्ग होता: दुसऱ्यांनी, दुसऱ्या प्रयोगशाळेत, जास्त काटेकोरपणे तोच प्रयोग पुन्हा करायचा.

तो केला गेला. २००९ साली ‘रेडिएशन रिसर्च’ या नियतकालिकात तीन स्वतंत्र गटांचे निबंध आले. जपानच्या मासुदा यांच्या गटाने लुंडसारखंच उपकरण, त्याच जातीचे ६४ उंदीर, दोन तासांचा संपर्क आणि १४ व ५० दिवसांनी तपासणी असा आराखडा घेतला. मात्रा किलोमागे ०.०२ वॉटपासून २ वॉटपर्यंत. फ्रान्समध्ये बोर्दोच्या गटाने फक्त डोक्यावर लहरी दिल्या. अमेरिकेत मॅकक्वेड यांच्या गटाने ०.००१८ पासून २० वॉट प्रतिकिलोपर्यंत मात्रा बदलत नेल्या. तिघांनाही लहरींमुळे झालेली अल्ब्युमिनची गळती सापडली नाही. काळवंडलेल्या पेशी ज्या दोन गटांनी शोधल्या, त्यांनाही त्या लहरी न दिलेल्या उंदरांपेक्षा जास्त दिसल्या नाहीत.

मग लुंडला जे दिसलं ते काय होतं? याचं निर्णायक उत्तर कुणी देऊ शकत नाही, पण काही गोष्टी स्पष्ट आहेत. काळवंडलेल्या चेतापेशी ही मेंदूविकृतिशास्त्रातली जुनी डोकेदुखी आहे. मेंदू रसायनात नीट पक्का होण्याआधी काढला, दाबला, हाताळला गेला तर निरोगी प्राण्यातही अशा पेशी दिसतात. विषविज्ञानाच्या नियतकालिकांत त्याबद्दल सावधगिरीच्या सूचना वारंवार छापल्या गेल्या आहेत. लुंडच्या १९९४ च्या प्रयोगात लहरी न घेतलेल्या उंदरांतही काहींमध्ये अल्ब्युमिन होतंच. काही प्रयोगांत अत्यंत क्षीण मात्रेला गळती दिसली, पण मात्रा वाढवली म्हणून ती वाढली नाही. विषाचा परिणाम असा वागला तर संशोधकाने आधी स्वतःच्या पद्धतीवर संशय घ्यावा, हा साधा नियम आहे. आणि आठ उंदरांच्या गटावरून काढलेला निष्कर्ष दिशा दाखवण्यापुरता ठीक. त्यावर कोट्यवधी माणसांच्या मेंदूबद्दल विधान करता येत नाही.

जर्मनीतल्या म्युन्स्टरचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथल्या गटाने २००० साली काचेच्या तबकडीत वाढवलेल्या कवचपेशींवर १.८ गिगाहर्ट्झच्या लहरी टाकल्या आणि साखरेची गळती वाढल्याचं छापलं. त्यांच्या लक्षात आलं की तबकडीतलं कवच मुळातच सैल होतं, खऱ्या मेंदूइतकं घट्ट नव्हतं. त्यांनी जास्त घट्ट सांध्यांचं कवच तयार करण्याची पद्धत बसवली आणि २००५ साली तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी गळती वाढली नाही. आधीचा निष्कर्ष ज्यांनी काढला त्याच गटाने तो खोडून काढला, तोही पहिला निबंध छापणाऱ्या प्रतिष्ठित नियतकालिकात. पहिला निबंध आजही भीतीच्या यादीत झळकतो. दुसऱ्याचा उल्लेख क्वचित होतो.

विरुद्ध बाजूचा पुरावा लपवून हा विषय मांडता येणार नाही. तुर्कस्तानात अंकाराच्या गाझी विद्यापीठातल्या सिराव आणि सेहान यांनी २० मिनिटांच्या संपर्कानंतर नर उंदरांच्या मेंदूत इव्हान्स ब्लू जास्त उतरल्याचं नोंदवलं. माद्यांमध्ये तसं दिसलं नाही. चीनमधल्या एका गटाने २०१५ साली रोज तीन तास याप्रमाणे २८ दिवस ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दिल्यावर कवचाची हानी आणि स्मृतीवर परिणाम दिसल्याचं छापलं. माणसांबाबत स्वीडनच्याच हार्डेल यांच्या गटाने २००९ साली ४१ स्वयंसेवकांना लहरी देऊन त्यांचं रक्त तपासलं. कवच गळलं की रक्तात वाढणारं एस१००बी हे प्रथिन वाढलं नाही. ट्रान्सथायरेटिन हे दुसरं प्रथिन थोडं वाढलं, आणि त्याचा वैद्यकीय अर्थ असलाच तर काय, हे माहीत नाही असं त्यांनी स्वतःच लिहिलं. प्रश्नाचा दरवाजा पूर्ण बंद झालेला नाही. पण सगळे प्रयोग शेजारी ठेवून पाहिले तर एक रचना दिसते. तापमानावर कडक नियंत्रण, तपासणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत नसणं आणि प्राण्यांची पुरेशी संख्या या गोष्टी जिथे जमून येतात, तिथे परिणाम विरून जातो. खऱ्या परिणामाच्या बाबतीत उलट व्हायला हवं. प्रयोग जितका चांगला, तितका तो ठसठशीत दिसायला हवा. म्हणून आजच्या पुराव्यावर निकाल द्यायचा झाला तर तो असा: फोन आणि टॉवरच्या मर्यादेतल्या लहरींनी मेंदूचं कवच फुटतं, हे सिद्ध झालेलं नाही, आणि ते सिद्ध करण्याचे सर्वांत काटेकोर प्रयत्न अपयशी ठरले आहेत.

वैद्यकाच्या दुसऱ्या टोकाहूनही याला आधार मिळतो. कर्करोगतज्ज्ञांना आणि क्षयरोगतज्ज्ञांना हे कवच शत्रूसारखं वाटतं. क्षयामुळे मेंदूज्वर झालेल्या रुग्णात आयसोनियाझिड मेंदूपर्यंत चांगलं पोचतं, रिफाम्पिसिन फारच कमी. पार्किन्सनच्या रुग्णाला डोपामिन देऊन उपयोग नसतो, ते अडतं. म्हणून लेव्होडोपा द्यावं लागतं. गाठीपर्यंत औषध नेण्यासाठी भूल देऊन, मानेतल्या धमनीतून मॅनिटॉलचं तीव्र द्रावण सोडून कवच काही काळापुरतं उघडलं जातं. २०१५ साली टोरोंटोच्या सनीब्रूक रुग्णालयात केंद्रित ध्वनिलहरी आणि रक्तात सोडलेले सूक्ष्म बुडबुडे वापरून गाठीच्या रुग्णाचं कवच उघडण्यात आलं, तेव्हा तो वैद्यकातला मैलाचा दगड मानला गेला. किंचित गळती आणि उपचारापुरतं उघडणं या सारख्या गोष्टी नव्हेत, हे खरं. तरीही खिशातला फोन हे काम सहज करू शकत असता, तर इतक्या खटाटोपाची गरज वैद्यांना पडली नसती.

तरीही रेडिओलहरी मेंदूचं कवच फोडू शकतात, उष्णतेच्या वाटेने. प्राण्यांच्या मेंदूचं तापमान प्रचंड तीव्रतेच्या लहरींनी ४२-४३ अंशांपर्यंत नेलं की रंग आत झिरपतो, हे १९८० च्या दशकात निर्विवाद दाखवलं गेलं. त्यात लहरींचं असं वेगळं काही नव्हतं. उष्णता कुठूनही आली, तरी सांधे सैल होतात. फोनने मेंदू किती तापतो? गणिती प्रारूपांनुसार जवळपास एक दशांश अंश. बोलताना कान गरम होतो तो मुख्यतः फोनच्या बॅटरीमुळे आणि हवा अडल्यामुळे. मर्यादा ठरवणाऱ्या संस्था नेमकी हीच उष्णता धरून, सुरक्षिततेची मोठी तफावत ठेवून आकडे ठरवतात.

इथे सुरतेच्या या मराठी वस्तीचा खरा विषय सुरू होतो.

पॉलिएस्टर कापड डाईंग मिलमध्ये स्टेंटर मशीनमधून १८० ते २०० अंशांच्या हवेतून जातं, तेव्हा त्याचं माप पक्कं होतं. शेजारी जेट मशीन वाफ सोडत असतात, बॉयलर पेटलेला असतो, आणि समुद्र जवळ असल्यामुळे बाहेरची हवाही दमट. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. अशा जागी बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाच्या शरीराचं तापमान चढत जातं. उष्माघात म्हणजे शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जाणं आणि माणूस बरळू लागणं, शुद्ध हरपणं. त्या बरळण्यामागे जी उलथापालथ असते, तिच्यात मेंदूच्या कवचाची गळती आणि मेंदूची सूज यांचा वाटा असतो. जे नुकसान टॉवरच्या नावावर शोधून सापडत नाही, ते उष्म्याच्या नावावर वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात छापलेलं आहे.

गुजरातला याची किंमत ठाऊक आहे. मे २०१० मधल्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ साली अहमदाबाद महापालिकेने उष्मा कृती आराखडा आणला, जो दक्षिण आशियातला पहिला मानला जातो. पण असे आराखडे रस्त्यावरच्या माणसासाठी, बाहेरच्या तापमानावर आखले जातात. मिलच्या छपराखालचं तापमान त्यात धरलेलं नसतं. १९४८ साली कारखाना कायदा झाला, तेव्हाच त्याच्या तेराव्या कलमात कामाच्या जागी हवा खेळती असावी आणि तापमान आरोग्याला इजा करणारं नसावं असं लिहिलं गेलं. गच्चीवरच्या अँटेनाविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या घरातला कर्ता पुरुष किंवा मुलगा रोज ज्या जागेत उभा असतो, तिथल्या तापमानाबद्दल एकही अर्ज जात नसेल, तर भीती चुकीच्या दाराशी उभी आहे.

धुराचंही तसंच. मेक्सिको सिटीत लिलियन काल्देरोन-गार्सिदुएन्यास यांनी प्रदूषित भागातल्या कुत्र्यांच्या आणि पुढे मुलांच्या मेंदूचा अभ्यास केला. सूक्ष्म कणांच्या हवेत राहणाऱ्यांत कवचाच्या हानीच्या खुणा त्यांना आढळल्या. धूर मोजण्याच्या बाबतीत सुरत मागे नाही, पुढे आहे. २०१९ साली कोळसा जाळणाऱ्या तीनशेहून अधिक कारखान्यांना घेऊन इथे धुरातल्या कणांच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू झाला, जगातला या प्रकारचा पहिला. कुठले कारखाने योजनेत आणि कुठले बाहेर, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेने ठरवलं गेलं, धुरांड्यावर सतत मोजणारी यंत्रं बसली, आणि योजनेतल्या कारखान्यांचं उत्सर्जन वीस ते तीस टक्क्यांनी घटल्याचं दिसून आलं. जो काटेकोरपणा उंदरांच्या मेंदूबाबत निर्णायक ठरला, तोच सुरतेच्या धुरांड्यांवर वापरला गेला आणि धूर घटला. या शहराला मोजमापाची ताकद कुणी परक्याने येऊन शिकवायला नको.

भीतीचा बाजार मात्र मोजमाप टाळतो. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाने गायीच्या शेणापासून बनवलेली, फोनचं रेडिएशन कमी करणारी म्हणून एक चिप लोकांसमोर आणली. शेकडो वैज्ञानिकांनी जाहीर पत्र लिहून पुरावा मागितला. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने ‘फाइव्ह-जीपासून संरक्षण’ म्हणून विकली जाणारी दहा उत्पादनं तपासली. त्यात पेंडंट होते, लहान मुलांसाठीचं ब्रेसलेटही होतं. ती उत्पादनंच किरणोत्सर्गी निघाली. ज्या आईने आपल्या मुलाला रेडिओलहरींपासून वाचवायला ते ब्रेसलेट घातलं, तिने त्याच्या मनगटावर रेणूंचे बंध तोडू शकणारी खरी किरणं बांधली. या विक्रेत्यांबद्दल राग यायला हवा. फोनच्या मागे चिकटवायच्या स्टिकरांचा धंदा इथेही चालतो. ज्या स्टिकरने खरोखर लहर अडवली, त्याने फोनला जास्त ताकदीने बोलायला भाग पाडलं, एवढंच त्यातून निष्पन्न होतं.

भारतात सरकारने हा प्रश्न अगदीच दुर्लक्षिला असं नाही. मुंबईत मलबार हिलवरच्या सह्याद्री अतिथीगृहाच्या अँटेनांविरुद्ध अभिनेत्री जुही चावला यांनी आवाज उठवला. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला टॉवरच्या धोक्यांवर सविस्तर अहवाल दिला. आंतरमंत्रालयीन समितीही बसवली गेली होती. १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय आकड्याच्या एक दशांशावर आणली गेली, ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॉट. फोनसाठी दर किलो ऊतीमागे १.६ वॉट ही मर्यादा आली. त्याच वर्षी राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा आणि रुग्णालयांजवळचे टॉवर हटवायला सांगितलं; २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरमधला एक टॉवर बंद करायचा अंतरिम आदेश दिला. सावधगिरी म्हणून असे आदेश समजण्यासारखे आहेत. जीवशास्त्राचा निकाल म्हणून त्यांच्याकडे पाहता येत नाही.

सावधगिरीलाही हिशेब लागतो, आणि तो इथे अनेकदा उलटा केला जातो. अँटेनापासून दूर जाताना लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते, शिवाय अँटेनाचा झोत समोर जातो, थेट खाली नाही. कानाला लावलेला फोन मेंदूला जे देतो त्यापुढे रस्त्यावर पोचणाऱ्या टॉवरच्या लहरी नगण्य असतात. टॉवर दूर नेला की फोन जास्त ताकदीने बोलतो. वस्तीतला टॉवर हटवून ज्यांच्या डोक्याला कमी लहरी मिळतील असं वाटतं, त्यांच्या डोक्याला उलट जास्त मिळू शकतात. नव्या फाइव्ह-जीचे उंच पट्टे तर आणखी उथळ आहेत. २६ गिगाहर्ट्झची लहर त्वचेत मिलिमीटरभर शिरून संपते, कवटीच्या आतल्या केशवाहिन्यांपर्यंत ती पोचतच नाही. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळे माणसं मरत असल्याची अफवा उठली आणि उत्तरेत काही ठिकाणी टॉवरची मोडतोड झाली. प्राणवायूसाठी फोन फिरवणाऱ्या लोकांचं नेटवर्क त्याच दिवसांत तोडलं गेलं, हे विसरता कामा नये.

पण दोष फक्त घाबरणाऱ्यांचा नाही. कंपन्या सोसायटीशी करार करतात, भाडं ठरवतात, आणि खाली राहणाऱ्या भाडेकरूला कुणी काही सांगत नाही. प्रश्न विचारला की अडाणी ठरवलं जातं. सुरतेत पोट भरायला आलेल्या, चाळीवजा खोल्यांत राहणाऱ्या माणसाला गच्चीवर काय आहे आणि ते किती वॉट फेकतं, हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. आकडा दाखवला, तर भीती निम्मी ओसरते. ‘काही होत नाही’ एवढंच सांगितलं, तर ती दुप्पट होते.

आकडा मिळवायची सोय आहे. दूरसंचार विभागाने मे २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ हे पोर्टल सुरू केलं. त्यावर आपल्या भागातले टॉवर आणि ते मर्यादेत आहेत का हे पाहता येतं, आणि ४,००० रुपये शुल्क भरून आपल्या जागी मोजणी करून मागता येते. एका कुटुंबाला ही रक्कम जड. सोसायटीने किंवा गणेशमंडळाने मिळून भरली तर घरटी चहाच्या खर्चात भागेल. फोनचा स्वतःचा आकडा *#०७# डायल केला की पडद्यावर दिसतो. लहान मुलांच्या हाती फोन कमी द्यावा, लांब बोलायचं तर स्पीकर किंवा इअरफोन वापरावा, यात कुणाचं नुकसान नाही. झोप आणि डोळे यांच्यासाठी ते चांगलंच आहे.

सुरतेतल्या मराठी मंडळांना, युनियनच्या कार्यकर्त्यांना आणि महापालिकेच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांना एक विनंती आहे. पुढचा अर्ज टॉवरबद्दल असेल तर त्यात मोजणीचा आकडा मागा. आणि त्याच दिवशी दुसरा अर्ज लिहा, मिलमधल्या स्टेंटर खात्यासाठी: तापमान आणि दमटपणा दाखवणारी यंत्रं भिंतीवर लावा, त्यांची नोंद कामगारांना रोज वाचता येऊ द्या, एप्रिल ते जून पाळी आठ तासांवर आणा, प्यायला थंड पाणी आणि मीठ-साखर ठेवा, आणि कुणी बरळू लागला तर त्याला झोपलाय समजून कोपऱ्यात ठेवू नका; अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच दवाखान्यात न्या. पहिल्या अर्जातून बहुधा मर्यादेच्या आतला एक आकडा मिळेल. दुसऱ्या अर्जाने माणसं वाचतील.